उरलेलं वाचलं असं मानावं

राष्ट्रपती वर्षातून दोनदा माझ्याशी बोलतात. 25 जानेवारीला आणि 14 ऑगस्टला, संध्याकाळी सात वाजता. दोन्ही वेळेला मी घरातच असतो आणि दोन्ही वेळेला आमची चुकामूक होते.

तसं पाहिलं तर माझ्याशी आपणहून बोलायला येणारी माणसं फारशी उरलेली नाहीत. निवृत्त माणसाला फोन येतात ते कर्ज घ्या म्हणून, नाहीतर केवायसी करा म्हणून. अशा माणसाला देशाचा प्रथम नागरिक ‘प्यारे देशवासियों’ म्हणून हाक मारतो, हा केवढा मान! ती हाक मी दरवर्षी न चुकता ऐकतो. त्याच्या पुढचं एकही वाक्य आजवर माझ्या कानावर धड पडलेलं नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

माझे वडील मिलमध्ये होते. ते रेडिओसमोर मांडी घालून, टोपी नीट करून हे भाषण ऐकायचे. इंग्रजी असलं तरी ऐकायचे. मी एकदा विचारलं, “अप्पा, कळलं का काही?” तर म्हणाले, “कळायचं काय त्यात? राष्ट्रपती बोलायल्यात. आपण गप बसायचं.” नागरिकशास्त्राची याहून सोपी व्याख्या मला पुढं कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. पण अप्पांच्या घरात माणसं सात आणि रेडिओ एक होता. माझ्या घरात माणसं पाच, पडदे सहा, आणि गप बसणारं कुणीच नाही.

मुळात 25 जानेवारीची संध्याकाळ ज्यानं कुणी निवडली, त्यानं सोलापूर पाहिलेलं नसावं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा पार पडली, की होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेतला मेळा, ऐन भरात असतो. पाळणे फिरत असतात, मौत का कुआँत मोटारसायकली घुमत असतात, भज्यांचे घाणे निघत असतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी. म्हणजे अख्खं सोलापूर त्या संध्याकाळी गड्ड्यात. तिकडं न जाता जो घरी बसून राष्ट्रपतींचं भाषण ऐकतो, त्याला एक तर देशभक्त म्हणायचं, नाहीतर त्याचे गुडघे दुखत असतात. माझ्या बाबतीत दोन्ही कारणं आहेत, पण घरचे दुसरंच धरतात.

गेल्या खेपेला मी पक्का बंदोबस्त केला होता. दुपारीच जाहीर केलं, “सात वाजता टीव्ही माझा.” सौ. म्हणाली, “घ्या की.” इतक्या सहज मिळालेल्या संमतीनं खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. सात वाजले. राष्ट्रगीत झालं. मी उभा राहिलो, सोफ्यावरचा नातूही उभा राहिला, आमची अव्वा, म्हणजे माझी आई, मात्र बसल्या जागी हात जोडून राहिली, कारण टीव्हीत काहीही गंभीर दिसलं की ती हात जोडते. ‘प्यारे देशवासियों’ झालं. आणि मागच्या अंगणातून हाक आली,

“अहो! नळ आलाय!”

सोलापूरच्या बाहेरच्या वाचकांना या तीन शब्दांतलं गांभीर्य कळणार नाही. इथं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं. उजनी धरण शंभर टक्के भरल्याचा फोटो आम्ही पेपरात बघतो, एकमेकांना पाठवतो, त्यावर दोन हात जोडल्याचं चित्र टाकतो, आणि पुन्हा पिंपाजवळ येऊन बसतो. त्यामुळं नळ आला की लग्नातला नवरा अक्षता सोडून उठला तरी त्याला कुणी नावं ठेवणार नाही. मी तर साधा श्रोता.

तरी मी बसल्या जागेवरून आवाज दिला, “अगं, राष्ट्रपती बोलतायत!”

“भाषण परत लागतंय की! पाणी परत येतंय का?”

या युक्तिवादाला उत्तर नाही. भाषण खरंच परत लागतं. आधी हिंदीत होतं, मग इंग्रजीत होतं, त्यानंतर दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्या आपापल्या भाषेत ते देतात, आणि रात्री साडेनऊला आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रंही देतात. एकच भाषण इतक्या वेळा चुकवण्याची सोय जगातल्या दुसऱ्या कुठल्या लोकशाहीनं केली असेल असं मला वाटत नाही.

हिंदीतलं भाषण मी पाइप धरून चुकवलं. मोटार लावायची, पाइप वरच्या टाकीत सोडायचा, तो निसटू नये म्हणून धरून उभं राहायचं, आणि खालून कुणीतरी “आलं का?” विचारलं की “आलं, आलं” म्हणायचं, हे काम घरात माझ्याकडं आहे. गच्चीवरून शेजारच्या अण्णांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. अण्णा आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि ऐकू कमी येत असल्यामुळं टीव्हीचा आवाज तीन गल्ल्यांत. मला वाटलं, चला, इथूनच ऐकू. तर तेही त्यांच्या गच्चीवर पाइप धरून उभे.

“अण्णा, खाली टीव्ही कोण ऐकायलंय मग?”

“कुणी नाही. राष्ट्रपतीला असं अर्ध्यात बंद करायचं म्हणजे बरं दिसतंय का?”

आपल्या लोकशाहीतल्या अदबीचा हा कळस होता. भाषण चालू, खोली रिकामी, आणि नागरिक गच्चीवर.

टाकी भरून खाली आलो तोवर इंग्रजी सुरू झालं होतं. इंग्रजी मला कळतं, पण माझं कळणं थोडं मागून येतं. एक वाक्य डोक्यात मराठी होईपर्यंत तिकडं पुढची दोन होऊन जातात. त्यात अव्वानं विचारलं, “एन अंतार?” म्हणजे, काय म्हणतायत? अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. महत्त्वाचे प्रश्न ती कानडीत विचारते आणि शेरे मराठीत मारते.

मी म्हटलं, “देश पुढं चाललाय म्हणतायत.”

“मागल्या सालीबी तेच म्हणलेते की. अजून पोचला न्हाई व्हय?”

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात नातवानं टीव्हीचा आवाज बंद केला. त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत भाषण करायचं होतं आणि ते त्याच्या आईनं लिहून दिलं होतं. तो खोलीत येरझाऱ्या घालत म्हणू लागला, “आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांत चित्तानं ऐकावे, ही नम्र विनंती.” समोर पडद्यावर देशाच्या प्रमुखांचे ओठ हलत होते आणि आवाज आमच्या चौथीतल्या नातवाचा येत होता. खरं सांगायचं तर जुळत होतं.

मराठी भाषणाची वेळ झाली तेव्हा सेट टॉप बॉक्सनं ‘सिग्नल नाही’ असं जाहीर केलं. केबलवाल्याला फोन केला तर तो गड्ड्यात होता. मागं पाळण्यातल्या किंचाळ्या ऐकू येत होत्या. म्हणाला, “काका, कोणती मॅच हाय?” मी म्हटलं, “मॅच नाही, राष्ट्रपतींचं भाषण आहे.” तो दोन क्षण गप्प झाला आणि मग त्यानं काळजीनं विचारलं, “काका, तब्येत बरी हाय नव्हं?”

राहता राहिली आकाशवाणी. साडेनऊला रेडिओ घेऊन बसलो. डाळ, कडक भाकरी, वर शेंगाची चटणी असं जेवण झालं होतं, पाणी भरून अंग मोडून आलं होतं. निवेदकाचा आवाज धीरगंभीर होता. त्यानंतरचं मला आठवतं ते सकाळचं दूध.

आणि मजा पुढं आहे. सकाळी ‘सात रस्ता’ चौकाजवळच्या टपरीवर अण्णा भेटले. तिथं भाषणावर चर्चा चालली होती. चर्चा करणाऱ्यांपैकी एक गड्ड्यात होता, एक लग्नाला बार्शीला, एक पाण्याला. पण मत प्रत्येकाचं तयार होतं.

“काय म्हणलं बे राष्ट्रपती?”

“नेहमीचंच.”

“तरी पण?”

“आरं, आधी शेतकरी, मग जवान, मग महिला, मग तरुण. शेवटी जय हिंद.”

न ऐकता भाषणाचा इतका अचूक गोषवारा सांगता येतो, म्हटल्यावर ऐकायचा खटाटोप मी एकटाच का करतो, हा प्रश्न मला पडला. 1930 साली इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ ज्या गावानं सोसला, त्याला वीसेक मिनिटांचं भाषण सोसवू नये, याचं मला वाईट वाटलं. तेवढ्यात चहा आला.

अर्थात प्रत्येकच भाषण ‘नेहमीचंच’ नसतं. 25 जानेवारी 2000 ला के. आर. नारायणन यांनी सरळ बजावलं होतं, की सोशिक जनतेच्या रागापासून सावध राहा. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. प्रत्यक्ष भाषणाच्या वेळी मी सोशिक जनतेतच होतो, टँकरच्या रांगेत. प्रतिभाताई पाटील 2007 ते 2012 या काळात राष्ट्रपती होत्या, तेव्हा तर आमची गल्ली कान टवकारून बसायची. आपली मराठी बाई, एखादं वाक्य मराठीत येईल! ते येतं की नाही हे कळायच्या आत लाइट जायची. ते दिवसच भारनियमनाचे होते.

आता इथवर आलेल्या वाचकाला वाटेल, की झालं, सुटलो. तसं नाही. हा झाला राष्ट्राला उद्देशून संदेश. आठवड्याभरात, अर्थसंकल्पाच्या तोंडावर, राष्ट्रपतींचं संसदेपुढं अभिभाषण असतं. ते वेगळं, मोठं, आणि घटनेत सांगितलेलं. कलम 87. मूळ घटनेत तर ते प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला होतं. 1951 साली पहिलीच घटनादुरुस्ती झाली, तिच्यात ते सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनापुरतं ठेवलं. म्हणजे घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, आणि ज्यांनी ही भाषणं समोर बसून ऐकली, त्यांनीच कायद्यानं ती कमी करून घेतली. माझ्या सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बघा, तेव्हाची माणसं हुशार होती.”

या अभिभाषणाची खरी गंमत अशी, की ते राष्ट्रपतींचं नसतंच. लिहितं सरकार, मंजूर करतं मंत्रिमंडळ, आणि वाचायचं राष्ट्रपतींनी. ‘माझ्या सरकारनं हे केलं, माझ्या सरकारनं ते केलं.’ सत्ताधारी बाकं वाजवतात ती आपण लिहिलेल्या वाक्यांना. विरोधक आरडाओरडा करतात तो वाचणाऱ्यासमोर, पण लिहिणाऱ्यावर. तासभर हे चालतं. मग आभारप्रदर्शनाचा प्रस्ताव येतो, त्यावर काही दिवस चर्चा होते, आणि त्या आभारालाही विरोधक दुरुस्त्या सुचवतात. लग्नघरात जेवून उठलेला पाहुणा ‘जेवण छान होतं, पण’ म्हणतो, त्यातला तो ‘पण’ इथं लेखी द्यायचा असतो. 2015 मध्ये राज्यसभेनं अशी एक दुरुस्ती मंजूर करून आभार मानले होते.

एका भाषेत राष्ट्रपतींचं वाचून झालं, की दुसऱ्या भाषेतली प्रत उपराष्ट्रपतींच्या वाट्याला येते. आमचे सुशीलकुमार शिंदे 2002 साली उपराष्ट्रपतिपदाला उभे होते, भैरोंसिंह शेखावतांकडून हरले. जिंकले असते तर ती दुसरी प्रत सोलापूरच्या माणसानं वाचली असती. मग मात्र केबलवालाही गड्ड्यातून पळत आला असता. ही दुसरी प्रत हल्ली अख्खी वाचत नाहीत. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, आणि मधलं वाचलं असं मानायचं.

वाचलं असं मानायचं! ही सोय मला जेव्हा कळली, तेव्हा घटनेबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. राज्यपालांनी तर ही कला फार पुढं नेली आहे. तेही राज्यात सरकारनं लिहिलेलंच वाचतात. मार्च 2022 मध्ये आपल्या विधिमंडळात घोषणाबाजी झाली, तेव्हा भगतसिंह कोश्यारी यांनी अभिभाषण सुरू केल्या केल्याच आवरतं घेतलं आणि निघाले. जानेवारी 2024 मध्ये केरळात आरिफ मोहम्मद खान यांनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि दोन मिनिटांच्या आत खाली बसले. उरलेलं वाचलं असं मानलं गेलं. राजकीय अर्थ काढणाऱ्यांनी काढावा. श्रोता म्हणून मला ही दोन्ही भाषणं आदर्श वाटतात.

मी ही पद्धत लगेच घरात लागू करून बघितली. सौ.नं किराणा आणायला सांगितला. मी यादीतली पहिली वस्तू आणि शेवटची वस्तू आणली, म्हणजे तूरडाळ आणि खडीसाखर, आणि म्हटलं, “मधलं आणलं असं मानावं.” संध्याकाळी ताटात भाकरी आली आणि खडीसाखर आली. मधलं वाढलं असं मानावं लागलं. अव्वाला मात्र हा नियम मनापासून पटला. हल्ली ती पोथीचा पहिला अध्याय वाचते, शेवटचा वाचते आणि मधल्या अध्यायांवरून नुसता हात फिरवते. नातू पाढ्यांचं तेच करायला लागला. बे एके बे, बे दाही वीस.

माझी आकड्यांबद्दलही एक तक्रार आहे. अभिभाषणात आकडे फार. इतके कोटी नळजोडण्या, इतके लाख घरं, इतके हजार किलोमीटर रस्ते. मी त्यात सोलापूर शोधत बसतो. इतक्या कोटी नळजोडण्यांत आमची एक धरली असणार, फक्त आज पाणी सोडायचा वार आहे का, ते भाषणात नसतं. विमानतळ वाढले असं ऐकलं, की आमची छाती फुगते. इथं धावपट्टी कधीची होती, पण विमान यायचं तर वाटेत साखर कारखान्याची चिमणी होती. तिच्यावर इतकी वर्षं वाद झाला, की विमानापेक्षा चिमणीच जास्त गाजली. अखेर जून 2023 मध्ये चिमणी पाडली आणि 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं. त्या आकड्यातला ‘एक’ आम्ही आहोत, हे ओळखायला आम्हाला भाषणापेक्षा धीर जास्त लागला. स्मार्ट सिटीच्या 2016 च्या पहिल्याच यादीत वीस शहरांत आमचं नाव होतं. तेव्हापासून आम्ही स्मार्ट आहोत असं मानलं जातं.

बाहेरच्या देशांतही सुख नाही. अमेरिकेत अध्यक्षांनी वेळोवेळी काँग्रेसला देशाची हालहवाल सांगावी असं घटनेत आहे. 1801 साली थॉमस जेफरसन यांनी भाषण न करता ते लेखी पाठवून दिलं, आणि पुढं शंभराहून जास्त वर्षं तिथले अध्यक्ष कागद पाठवूनच मोकळे होत. 1913 साली वुड्रो विल्सन यांना काय सुचलं कोण जाणे, ते पुन्हा स्वतः जाऊन बोलले आणि सगळ्यांना बसावं लागलं. आता तिथं त्या रात्री एक मंत्री मुद्दाम भाषणाला नेत नाहीत, दूर सुरक्षित ठिकाणी ठेवतात. न जाणो, सभागृहात काही विपरीत घडलं तर राज्य चालवायला कुणीतरी असावं म्हणून. आमच्याकडं हा मान नळापाशी बसणाऱ्याला असतो. फरक इतकाच, की त्यांच्याकडं एकच बाहेर असतो आणि आमच्याकडं आत कुणी नसतं.

26 जानेवारीला सकाळी मात्र कुणाचीच सुटका नसते. भाषण दिल्लीहून निघतं ते थेट आमच्या सोसायटीच्या झेंड्यापर्यंत येतं. चेअरमनसाहेबांचं भाषण सेक्रेटरी लिहितात. त्यात ‘आपल्या सोसायटीनं यंदा’ अशी सुरुवात करून पार्किंगचे पट्टे, बदललेले दोन बल्ब आणि प्रस्तावित बोअर असं सगळं येतं. मग सेक्रेटरी स्वतःच लिहिलेल्या त्या भाषणाबद्दल चेअरमनसाहेबांचे आभार मानतात आणि मागच्या रांगेतून मेंटेनन्स थकवलेले सभासद दुरुस्त्या सुचवतात. कलम 87 माहीत नसताना आमच्या सोसायटीनं ते इतकं तंतोतंत अमलात आणलंय, की घटना समितीला समाधान वाटावं.

तिथून नातवाच्या शाळेत गेलो. पाहुणे बोलले, पाहुण्यांची ओळख करून देणारे पाहुण्यांपेक्षा जास्त बोलले. ऊन वर आलं, पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायला लागली. मग नातवाचं नाव पुकारलं. तो माइकपाशी गेला. ‘आदरणीय व्यासपीठ’ झालं, ‘गुरुजन वर्ग’ झाला, ‘शांत चित्तानं’ झालं. आणि पुढचं सगळं गेलं. सून खालून ओठ हलवून सांगायला लागली, पण तिला ऐकू जाईल असं बोलता येईना आणि त्याला ओठ वाचता येईनात. पोरगं क्षणभर झेंड्याकडं बघत राहिलं. मग त्यानं छाती पुढं काढली आणि तो खणखणीत आवाजात म्हणाला, “उरलेलं भाषण वाचलं असं मानावं. जय हिंद, जय महाराष्ट्र!”

त्या दिवशी मैदानावर सगळ्यात मोठ्या टाळ्या या भाषणाला पडल्या. मुख्याध्यापकांनी वाजवल्या, पाहुण्यांनी वाजवल्या, जिलेबीच्या टोपल्याजवळ उभ्या असलेल्या शिपायांनी तर दोन्ही हात वर करून वाजवल्या. एक बाई मला म्हणाल्या, “आजोबा, फार छान बोलला हो.” सून घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तेव्हा वाचकहो, माझं ऐका. भाषण लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा, टाळ्या वाजवणारे ठरलेले. या सगळ्या व्यवहारात एक ऐकणाऱ्याचीच जागा कायम रिकामी पडते, आणि ती भरायला जाहिरात निघत नाही. येत्या 25 जानेवारीला संध्याकाळी सातला तेवढी भरून काढा. आधी पाण्याचा वार बघून ठेवा, गड्डा आदल्या दिवशी उरकून घ्या, आणि टीव्हीसमोर बसा. ‘प्यारे देशवासियों’ एवढं नीट ऐका, कारण ते तुम्हालाच म्हटलेलं असतं. उरलेलं तुम्ही ऐकलं असं मानण्यात येईल.